बॅट टाकून पळायचं असतं

३ नोव्हेंबर २०२४, यान्बू, सौदी अरेबिया

बेसबॉल! इथे! कॉलनीमागच्या मैदानावर फिलिपिनो नर्सेस खेळत होत्या. भाजीच्या पिशव्यांसकट जाळीला चिकटले ती हलेचना. त्यांची कॅचर, बॅटरमागे बसून चेंडू झेलणारी, मायदेशी गेलीय म्हणे. माझ्या तोंडून निघूनच गेलं — "आय वॉज कॅचर. युनिव्हर्सिटी टीम." त्यांच्या कप्तान मारिसेलने अबाया पाहिला, पिशव्या पाहिल्या, सुटलेलं पोट पाहिलं. म्हणाली, "टुमॉरो."

उद्या!!

४ नोव्हेंबर

इसहाक — "अगो, गुडघ्यांचा तरी विचार कर!" लाइबा — "अम्मी, प्लीज! माय फ्रेंड्स विल सी यू."

इसहाकशी लग्न करून इथे आले, ग्लोव्ह रत्नागिरीलाच राहिला. या पोरीने मला पाहिलंय ते फक्त कंपाउंडमध्ये, टेनिस बॉलचं क्रिकेट खेळताना. तिची आई खेळाडू होती, हे तिला दाखवायचंच आहे मला.

११ नोव्हेंबर

मांड्या भरून आल्यात, जिना चढवत नाही. पण आज बसल्या जागेवरून दुसऱ्या बेसवर फेकलेला चेंडू थेट ग्लोव्हमध्ये! मारिसेल ओरडली, "यल्ला, हाजरा!" शुक्रवारी जेद्दाच्या संघाशी सामना. मी संघात!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काय लिहू! शेवटची इनिंग, एका धावेने मागे, दोन आउट, तिसऱ्या बेसवर आमची पोरगी. मी टोलावला — कडक! आणि सुसाट पळाले. हातात बॅट घेऊन! पहिल्या बेसला पाय लावायचा सोडून, क्रीजमध्ये टेकवावी तशी बॅट टेकवली! तेवढ्यात चेंडू आला. आउट. खलास. हरलो.

कॉलेजात असं एकदाही केलं नव्हतं! कंपाउंडच्या क्रिकेटने घात केला. अख्खं मैदान हसलं, इसहाक तर डोळे पुसत होता. लाइबा गाडीत कानात इअरफोन खुपसून खिडकीकडे तोंड करून बसली. घरी येऊन बाथरूममध्ये रडले.

१७ नोव्हेंबर

मारिसेलचा मेसेज — मंगळवारी सरावाला ये, पळताना बॅट मी सांभाळीन! हुश्श! ठेवलं बाई मला.

लाइबा अजून फुगलेलीच.

१८ नोव्हेंबर

संध्याकाळी कंपाउंडमध्ये गेले तर स्टंप म्हणून ठेवायचा तो डबा गायब. त्याऐवजी चार कोपऱ्यांत चार चपला! लाइबाने चेंडू टाकला, इसहाकने टोलावला आणि बॅट घेऊनच पळत सुटला. पोरगी किंचाळली — "अब्बा, ड्रॉप द बॅट! अम्मी इज द कॅचर, शी विल गेट यू!"

होम प्लेटला, बॅटिंगच्या जागी, माझी चप्पल होती. गुडघे कुरकुरले. चपलेमागे जाऊन उकिडवी बसले.