एकाच कंदाची लेकरं

२० जून
नागपूरहून अहवाल आला. तलावाच्या पाळीवरच्या कळलावीची पानं तपासायला दिली होती. सगळी तंतोतंत सारखी! वेगवेगळी रोपं नव्हेतच ती. प्रयोगशाळेतून शीतलचा फोन: "मॅडम, ही वस्ती नाही. एकच बाई साड्या बदलून जागोजागी उभी आहे." हसले.
म्हणूनच फुलं येतात, शेंग धरत नाही. ही वेल सहसा स्वतःचा पराग घेत नाही. मी मात्र इतकी वर्षं फुलपाखरं कमी झाली म्हणत होते. गेल्या पावसात कंद कुजले, निम्मी पाळ रिकामी झाली. एकच शरीर, एकच दुखणं. उरलेल्याही त्याच वाटेने...

२३ जून
कॉलेज आटोपून लाखनीपुढच्या त्या तलावाच्या गावी. सखुबाई अंगणात तांदूळ निवडत होती. पूर्वी बाळंतपणं करायची, तिची सासूही सुईणच. अडलेलीच्या कमरेला कळलावीचा कंद बांधायचा, मूल झालं की लगेच सोडायचा. कंदाला दोन फाटे असतात. मोडून एक त्या घरच्या कुंपणात लावायचा, दुसरा पाळीवर.
"देवाची वस्तू एका घरी ठेवत नाई, बापा."
"पहिला कंद कुठला?"
"सासूनं आनला होता. एकच."
म्हणजे गावभर तोच वाटला गेला. मायेने वाटला. तिला तसं सांगितलं.
"मंग साऱ्या बहिणीच म्हना ना! त्याइले नवरदेव कोठून आनता?"
तेच तर. आसपासच्या जंगलात शोधलं. औषधासाठी सगळं खणून नेलेलं.

१ जुलै
जवाहरनगर, घरीच. सकाळी चहाला आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगत बसले. पराग, वाण, वारसा. त्यांनी मध्येच थांबवलं. "एका कुळात लग्न लागत नाई, इतकंच ना? मंग कायले तोंड पाडून बसली? माह्या भावाच्या वाडीत आहे ना कळलावी, सानगडीले."
"आई, इतकी वर्षं बोलला नाहीत?"
"तू इचारलंच कवा?"
त्यांच्या आजोबांनी जंगलातून आणलेली म्हणे. वेगळी असेल? असावी.

२८ जुलै
सानगडी. मामींनी, आईंच्या भावजयीने, कंद द्यायला साफ नकार दिला. "वाडीतली लक्ष्मी बाहेर देत नाई."
आई पदर खोचून उभ्या राहिल्या. "तुही लेक कोन मांगते वो? पोरगा मांगून राहिली मी."
मामी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पराग कागदात झाडून घेतला, तपासायला पानही. पानाच्या अहवालाला वेळ लागेल. फुलं थोडीच थांबणार आहेत.

२९ जुलै
पाळीवर. भाताच्या रोवणीच्या बाया काम थांबवून बघत होत्या. कळलावीच्या फुलाचा स्त्रीकेसर तळाशीच काटकोनात वळलेला असतो. मान फिरवून उभी असलेली नवरी. किती वेळा शिकवलंय वर्गात, आज पहिल्यांदा नीट पाहिलं.
ब्रशने पराग टेकवला. सानगडीचा दिला त्या फुलांना लाल दोरा. काहींना मुद्दाम पाळीवरचाच दिला, त्यांना पांढरा. म्हणजे फरक कळेल. आईंनी अक्षता टाकल्या. टाकू दिल्या.

६ ऑगस्ट
सगळे दोरे लाल! सखुबाईने पांढरे सोडून लाल बांधले.
"नव्या नवरीले पांढरा दोरा? इतकं शिकून काहून असं करता, मॅडम?"
आईसुद्धा तिच्याच बाजूने. मला रडू आलं. आता काय सिद्ध होणार... परतताना बसमध्ये मात्र हसू फुटलं. दोरा कशासाठी, हे तिला सांगितलं कुठे होतं?

२० ऑगस्ट
बहुतेक फुलं वाळून गळाली. नेहमीसारखीच.
पण तीन देठांवर हिरव्या शेंगा! या पाळीवर मी कधी शेंग पाहिलेली नाही. पराग कुठला, ते दोरा सांगत नाही. पण इथल्याच परागाने धरायची असती तर एवढ्या वर्षांत धरली नसती का? कागदावर हे चालणार नाही. मला चालतंय.

१४ सप्टेंबर
दोन शेंगा गळाल्या. फोडून पाहिल्या, पोकळ. एक उरली आहे. दाबून बघायला हात पुढे केला, तर सखुबाईने मनगट धरलं. "पोटुशीले असं चिवडत नाई." भोवती बोराटीचे काटे लावलेत तिने. मला न विचारता.
सानगडीच्या पानाचा अहवाल अजून नाही.
संध्याकाळी मामींचा फोन. "आमच्या पोराचं काय झालं वो?"
म्हटलं, मामी, वेळ आहे. पिकून उकलेल तेव्हा कळेल.
"बी निंगालं तं पहिलं आमचं. आमचा वंश होय तो."
देईन म्हटलं. शेंग अजून बंद आहे.