यांची पाठ आणि पलीकडचा पगार

१७ ऑगस्ट, सोमवार
यांची पाठ धरली. पलीकडे लक्झेंबर्गात, डेपोमध्ये, सिमेंटचं पोतं उचलताना. सोबत्यानं गाडीत आडवं घालून घरी आणलं. डॉक्टर मात्र आपल्याच गावचे, सीमेच्या अलीकडचे. दोन आठवडे रजा लिहून दिली. सर्टिफिकेट डेपोलाही पाठवलं, तिकडच्या विमा कार्यालयालाही. सीमेपलीकडे नोकरी असली की असं: आजारी इकडं पडायचं, पगार तिकडून यायचा. माझ्या गुडघ्याची इंजेक्शनंसुद्धा यांच्याच नोकरीवर चालतात.
फादरांना फोन करून आजाऱ्यांमध्ये यांचं नाव दिलं. चर्चतर्फे घरोघर भेटायला नवीन कुणीतरी नेमलंय म्हणे.
संकल्प: यांना पूर्ण विश्रांती. आवाज चढवायचा नाही.

१८ ऑगस्ट, मंगळवार
शेजारची जिसलेन आली. तिचा नवराही रोज पलीकडे जातो. म्हणाली, ओदिल, पहिले पाच दिवस तुझ्या फेर्नांला उंबऱ्याबाहेर सोडू नकोस, तपासायला येतात. मी म्हटलं, एका पाठीसाठी बॉर्डर ओलांडून? तिकडच्यांना एवढी सवड असती तर कामाला आपली माणसं कशाला बोलावली असती?
मॅट्रिकला मला नागरिकशास्त्रात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. एका देशाचा शिपाई दुसऱ्या देशात शिपाई राहत नाही, हे मला जिसलेननं शिकवू नये.
चर्चमागच्या उतारावर माझ्या मावशीचं मिराबेलचं, म्हणजे छोट्या पिवळ्या प्लमचं, झाड आहे. फळं पिवळीधमक झालीत. दोन दिवसांत खाली सडा पडेल आणि गांधीलमाश्यांची चैन होईल. बघवत नाही.

१९ ऑगस्ट, बुधवार
आज यांनी उठून स्वतः कॉफी केली. म्हणजे पाठ सुटली. हे म्हणाले, अगं, भिंत धरून गेलो. मी म्हटलं, भिंत धरता येते तर फांदीही धरता येईल.
विचार केला तर योजना देवाचीच दिसते. पगार चालू, माणूस घरी, फळ पिकलेलं. हे म्हणाले, देवानं माझ्या पाठीला विचारलं नव्हतं. आजारी माणसाच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये.
डॉक्टरांनीच सांगितलंय, पायऱ्या सावकाश चढा-उतरा. शिडीला पायऱ्याच असतात. सावकाश चढवलं. खालून मी देखरेख केली. दोन टोपल्या.
या वर्षी जॅम विकत आणायचा नाही. ठरलं.

२० ऑगस्ट, गुरुवार, सकाळी अकरा
चर्चच्या बाई येऊन गेल्या. तरुण, केस घट्ट बांधलेले, पायांत साधे बूट. बघताक्षणी आवडल्या. दारात कसलंसं कार्ड दाखवत होत्या. चष्मा स्वयंपाकघरात होता. मी म्हटलं, अहो, तुम्ही कोण ते मला माहीत आहे, आत या.
विचारलं, मिस्टर किफर घरी आहेत का? मी खोटं बोलत नाही. सांगितलं, देवाच्या दयेनं पुष्कळ बरे आहेत, उन्हाच्या आत झाडावर पाठवलंय. त्या म्हणाल्या, झाडावर? मी म्हटलं, शेंड्याची फळं जास्त गोड असतात. खिडकीतून दाखवलंसुद्धा; निळा शर्ट स्पष्ट दिसत होता. आज पहिल्यांदाच का, असं विचारलं. म्हटलं, छे, कालपासून.
सगळं लिहून घेतलं. प्रार्थनेसाठी हल्ली इतका तपशील कोण घेतं? टार्ट पुढे केला, नको म्हणाल्या. जॅमची बरणी देऊ केली, तीही नको. आम्हांला काही घेता येत नाही म्हणाल्या. व्रत असावं. जाताना माझी सही घेतली.
यांना सांगितलं, तुमच्यासाठी आता खास प्रार्थना होणार. तेव्हा हे अंगणात शिडीला टेकून उभे होते. म्हणाले, आजच करायला सांग.

२३ ऑगस्ट, रविवार
प्रार्थनेनंतर फादरांनी चर्चच्या नव्या भेटकऱ्याची ओळख करून दिली. निवृत्त पोस्टमन, मिशीवाले. तुमच्याकडे यायचं राहूनच गेलं, माफ करा, म्हणाले. मी म्हटलं, बाई येऊन गेल्या ना. फादर म्हणाले, कुठल्या बाई?
मागच्या बाकावर जिसलेनला खोकला आला. बराच वेळ आला.
घरी यांना सांगितलं. हे खुर्चीत बसले; बसायलाच खूप वेळ लागला. मग म्हणाले, ओदिल, चष्मा गळ्यात अडकवत जा.
मला काळजी नाही. शिकलेली मुलगी होती. माझा खरेपणा तिनं पाहिला आहे.

२७ ऑगस्ट, गुरुवार
तिकडच्या विमा कार्यालयाचं पत्र. आजारपणाच्या पहिल्याच दिवसांत रुग्ण घराबाहेर आढळला. त्या दिवसांचा पगार मिळणार नाही. मालकाला कळवलं आहे. रुग्णाच्या पत्नीनं दुजोरा दिला आहे. दुजोरा हा शब्द मला लागला.
उत्तर लिहायला घेतलं. झाड मावशीचं, मावशी घरची, तेव्हा झाडावर असलेला माणूस घरातच असतो. यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, शिडीखाली उभं राहून ‘अजून वरची’ कोण ओरडत होतं, तेही घाल. जागेअभावी घातलं नाही.
दुपारी डेपोतून मुकादमाचा फोन. झाडावर चढवतं तर पोतंही उचलवेल, सोमवारी या, नाहीतर दुसरा बघतो. मी म्हटलं, डॉक्टर रजा वाढवून देतील, आपण नियमानं जाऊ. हे म्हणाले, नोकरी गेली तर तुझी इंजेक्शनं कोण देणार? मिराबेल?

३१ ऑगस्ट, सोमवार, पहाट
हे निघाले. पाठीचा पट्टा मी आवळून दिला. वाकता येईना, म्हणून बुटांच्या नाड्याही मीच बांधल्या. सुटू नयेत म्हणून दुहेरी गाठ मारली. हे म्हणाले, अगं, संध्याकाळी सोडणार कोण?
मी म्हटलं, मी आहे की.
हे म्हणाले, तेच तर.