भारोभार

नागाव,
१९ जानेवारी २०२५

चि. सुचितास,

आशीर्वाद. सासूने सुनेला लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. तू माझा फोन उचलत न्हायस, म्हणून ही चिठ्ठी मांडव्याच्या बोटीवरच्या हर्षदकडे देते.

इथे सगळं बरं. शनिवार-रविवार चारही खोल्या भरतात. बायको मुंबईला माहेरी जाऊन बसली म्हणून माझ्या निकेतचं होमस्टे काय बंद पडलं न्हाय.

प्राप्तीचा नवस फेडला मागच्या आठवड्यात. दीड किलोची जन्मली होती, काचेच्या पेटीत ठेवलेली. तेव्हा गावदेवीला बोलले होते, नात जगली तर तिच्या भारोभार नारळ वाहीन. तू पाचव्या वर्षीच फेडा म्हणून मागे लागलीस. मी म्हटलं, भरू दे अजून. ह्या कमळची नात पारड्यात काटकुळी दिसायला नको.

मग भरली. पाहुण्यांची उरलेली बिर्याणी, थंडाच्या बाटल्या, दुपारी चहाखारी. शाळेच्या तपासणीत डॉक्टरने वजनावर लाल रेघ मारली, तशी तू भात मोजून वाढायला लागलीस. मेली पोरीला उपाशी मारते, असं मी आळीभर सांगत फिरले. निकेतने तुझ्यावर हात उचलला, तेव्हा मी पोरीच्या ताटात भजी वाढत होते. तू गेलीस, पोर मी दिली न्हाय.

देवळापुढे भात तोलायचा मोठा तराजू टांगला. दोन गोणी नारळ नेले होते. दोन्ही रिकाम्या झाल्या, तरी तिचं पारडं उठेना. आपला शेजारी काळूराम ओरडला, "वाडीतले सगळे नारळ पाडा रे, हत्तीण बसलीय!" सगळे हसले.

मी पण हसले गो. पोर दोरी धरून माझ्याकडेच बघत होती.

उतरताना चक्कर येऊन पडली. अलिबागला नेली. साखर निघाली, तीनशेच्या वर. अकरा वर्षांची पोर! डॉक्टरीण विचारते, घरात हिचं खाणंपिणं कोण बघतं? मी तुझं नाव सांगितलं.

प्राप्ती बाजूलाच होती. घरी आल्यावर भाकर पुढे केली, तर म्हणाली, "आजी, देवीच्या बोकडाला पण आधी असंच खाऊ घालतात ना?"

तेव्हापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत न्हाय. निकेतने दिलं तर दोन घास खाते, तेही मी समोर नसले तर.

येत्या रविवारी सकाळच्या बोटीने ये आणि तिला घेऊन जा. निकेत आडवा येणार न्हाय, ते मी बघते. कपडे, दवाखान्याचे कागद, इन्सुलिनच्या सुया, सगळं पिशवीत भरलंय. वाटेला खायला काही दिलेलं न्हाय. मी दारात येणार न्हाय.

डॉक्टरणीला खरं तूच सांग. माझ्याच्याने होत न्हाय.

पोरीला खाऊ घालणारी,
कमळ