वस्ताद मावशींची श्रद्धांजली

मु. केंदूर, ता. शिरूर

ती. दाजी यांना हौसरावचा वाकून नमस्कार. (समोर असतो तर नुसता रामराम घातला असता. पण त्या दिवसापासून मान खालीच असते, तेव्हा वाकायला वेगळे कष्ट पडत नाहीत.) तुमची शुगर, ताईचा गुडघा, सायलीची परीक्षा आणि गाभण गाय, सगळं ठीक असावं. इकडं सगळे खुशाल आहेत, मी सोडून. आधी फोनच करणार होतो. दोन-चारदा लावला आणि रिंग जायच्या आत कट केला. तुम्ही उचललात तर काय बोलू आणि नाही उचललात तर काय समजू, दोन्हींचं उत्तर सुचेना. म्हणून कागद.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या तालुक्यात कुणाचाही दहावा असला की श्रद्धांजलीला माझं नाव पुकारतात. भाषण माझं एकच. "मनमिळाऊ, मितभाषी, परोपकारी, कधीही भरून न येणारी पोकळी." नाव तेवढं बदलायचं. इतक्या पोकळ्या मी आजवर निर्माण केल्यात, की तालुका आतून पोखरून खाली बसायला हवा होता. लोक म्हणायचे, हौसराव काय बोलतो! मलाही ते खरं वाटायचं. मागं धनश्री बाई, आमच्या शाळेच्या मास्तरीणबाई, वाचनालयासाठी ग्रामपंचायतीकडं खोली मागायला आल्या, तेव्हा मी भर सभेत म्हणालो होतो, "बाई, पुस्तकं वाचून कांद्याला भाव येतो का?" टाळ्या पडल्या. खोलीत आता मंडळाचे स्पीकर आहेत.

तुमच्या आईंच्या, म्हणजे सोजरामावशींच्या दहाव्याच्या सकाळी मी शिरूरला दुसऱ्या एका दहाव्याला होतो. गेलेले गृहस्थ तालमीचे वस्ताद. तिथं बोललो आणि तसाच गाडी मारत तुमच्या खुटबावला आलो. घाटावर पोचलो तेव्हा पिंडाला कावळा शिवून गेला होता. (हे एक बरं झालं. माझ्या भाषणानंतर तो शिवलाच नसता.) माइक हातात आला आणि जीभ आपल्या सवयीनं सुटली. मावशींनी उभी हयात लाल मातीशी इमान राखलं, असं मी म्हणालो. मला वाटलं, शेतीबद्दल म्हणतोय. पण पाठोपाठ "भल्याभल्या मल्लांना चितपट केलं" हेही बाहेर पडलं. पाठीमागची पोरं हसली. ताईनं तोंडाला पदर लावला, तो रडू आवरायला की हसू, हे मी अजून विचारलेलं नाही. सावरायला म्हणून मी जोडलं, "स्वभावानं मात्र अत्यंत मितभाषी." तेव्हा म्हातारी माणसंही हसली. मावशींची हाक तीन शेतं ओलांडून जायची, दाजी. तुम्ही खाली बघत अंगठ्यानं माती उकरत होता. ते मी माइक धरल्या धरल्या बघत होतो आणि थांबत नव्हतो.

मग सायली उठली. मामाच्या हातातून तिनं माइक घेतला, हिसकावला नाही, हे पोरीचे संस्कार. तिनं काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंच आहे, पण मला ते लिहून काढायचं आहे, कारण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. दुपारी मावशी शेंगा फोडायच्या आणि सायली त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. एका कादंबरीत एक लेकुरवाळी बाई दारोदार फिरते आणि कुणी तिला पाणीसुद्धा विचारत नाही. मावशींनी सूप बाजूला ठेवलं, कळशी उचलली आणि ऊसतोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांकडं निघाल्या. सायलीनं विचारलं, "आजी, मधनंच कुठं?" तर म्हणाल्या, "पुस्तकातल्या बाईला पानी द्यायला मला जाता येत न्हाई. ही तर आपल्याच बांधाला हाय." त्या संध्याकाळपासून तिथली एक बाळंतीण तुमच्या पडवीत निजायला आली.

सगळा घाट रडला. मी रडलो नाही, दाजी. मला आठवलं, त्याच हंगामात मी तुमच्याकडं आलो होतो, तेव्हा त्याच कोप्यांपुढं गाडी उभी करून हॉर्न वाजवत होतो, पोरं आडवी येत होती म्हणून. मावशींना मी कितीतरी वर्षं ओळखत होतो. त्यांच्या हातची शेंगोळी खाल्ली. पण त्यांच्याबद्दल खरं असं एक वाक्य माझ्याजवळ नव्हतं. दहाव्याला जेवायला न थांबता निघालो, ते काम होतं म्हणून नव्हे.

पुढच्या आठवड्यात शिरूरच्या वाचनालयात गेलो. दारूच्या दुकानात शिरावं तसा, आजूबाजूला बघून. तिथल्या बाईंनी विचारलं, कुणासाठी हवंय? घाबरून म्हणालो, नातीसाठी. त्यांनी एका सशाची गोष्ट दिली. (गाडीत बसून वाचली. ससा बरा होता.) दुसऱ्या खेपेला सांगितलं, माझ्यासाठीच. त्यांनी एका पोस्टमनवरची कादंबरी दिली. पहिली पानं खडकाळ रानात नांगर धरल्यासारखी गेली. पुढं तो पोस्टमन असा काही घरात येऊन बसला, की तो वारला त्या दिवशी मला घास जाईना. आमच्या सुलक्षणेनं विचारलं, कोण गेलं? म्हणालो, पोस्टमन. कुठला? पुस्तकातला. तिनं वाढायचं थांबवून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मग आमच्या शेजारची धुरपदा गेली. पाण्याच्या पाळीवरून साऱ्या शिवाराशी भांडलेली बाई. जुन्या भाषणात ती पाचव्या मिनिटाला मनमिळाऊ झाली असती. मी आदल्या दिवशी तिच्या सुनेकडं, साखरबाईकडं गेलो आणि विचारलं, सासूबाई कशा होत्या? साखरबाई आधी घाबरली, मग बराच वेळ बोलली. दुसऱ्या दिवशी मी माइकवर तेवढंच सांगितलं: धुरपदा भांडखोर होती, पण ज्याच्याशी भांडली त्याच्या म्हशीची दुसऱ्या दिवशी चौकशी करायची. माणसाची नाही. माणसाला विचारलं तर हार होते ना! लोक हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. तेवढ्यात तिचा थोरला उठला. पाहुण्यांपुढं आईला भांडखोर म्हणतो काय, म्हणत त्यानं माइक काढून घेतला. (मामाच्या हातून माइक जायची ही दुसरी वेळ. ह्याला संस्कार नव्हते.) आता मला कुणी बोलावत नाही. पण जाताना साखरबाई पाया पडली आणि म्हणाली, "आबा, आज आमच्याच सासूबायबद्दल बोलल्यावानी वाटलं."

दाजी, तुमच्या आईबद्दल असं बोलायचं माझ्याकडून राहून गेलं. आता ते भरून काढता येत नाही. माफी मागतो, एवढंच. धनश्री बाईंना निरोप धाडलाय की स्पीकर माझ्या गोठ्यात ठेवतो, खोली घ्या. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

मान अजून खालीच असलेला,
हौसराव

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. मी गेल्यावर माझ्या दहाव्याला तालुक्यातल्या कुणालाही माइक देऊ नका. सायलीला बोलू द्या. दिवाळीत तिला थोडे दिवस इकडं पाठवा, म्हणजे मला नीट बघून घेईल. दोष लपवू नकोस म्हणावं. (सोसायटीची निवडणूक तेवढी वगळावी.)

आणखी एक. वरचं सुलक्षणेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरीला कशाला तरास? मी हाय की. लगीन झाल्यापास्नं बघतीया तुमास्नी." मी विचारलं, काय सांगशील? म्हणाली, "तवा तुमी ऐकाया नसनार. आत्ताच ऐकता का?" म्हणालो, सांग. पत्र आज पोस्टात टाकणार होतो, आता उद्या टाकेन. ती अजून लग्नाच्या पहिल्याच वर्षावर आहे.