आता मी घरी नसते

वॉटफर्ड,
२४ फेब्रुवारी २०२१

चि. भीमा यास द्रौपदीताईचा मनापासून जय भीम, आणि तू पंचावन्नचा झालास तरी डोक्यावरून हात फिरवून आशीर्वाद.

आम्ही इकडे ठणठणीत. तुझा गुडघा कसा आहे? काठी घे म्हटलं तर लाजतोस म्हणे. लाजायला तू काय नवरदेव आहेस? तुझ्या मंडळींना शुगरसाठी कारल्याचा रस देतोस असं कळलं. दे, पण निम्मा तूही पी, म्हणजे तिला तेवढंच समाधान. लस मिळेल तेव्हा गपचूप घे. मी घेतली. (दंड दोन दिवस दुखला. तेवढा तर पुरणाची कणीक मळूनही दुखतो.)

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू आधी थंडी किती विचारतोस, मग जेवण झालं का विचारतोस, आणि मी तोंड उघडलं की फोन मंडळींच्या हातात देतोस. म्हणून कागद घेतला. तीन दिवस लिहितेय, अक्षराला हसू नकोस. तर बातमी अशी, की तुझ्या ताईला नोकरी लागली. बस खाली, मग पुढचं वाच.

जानेवारीत इथल्या शाळा पुन्हा बंद झाल्या. पण ज्यांची कामं थांबवून चालतच नाही त्यांना इथे की वर्कर म्हणतात, आणि त्यांच्या मुलांसाठी शाळेत थोड्या जागा चालू ठेवतात. आता आपली धम्मशीला नर्स, करोनाच्याच वॉर्डात. जावई प्रणय ब्रॅकनेलला औषधांच्या गोदामातले कंप्युटर सांभाळतो, ते काही घरून होत नाही. म्हणजे मैत्रीची जागा पक्की असं आम्ही धरून चाललो. (मैत्रीला बघून तुला दोन वर्षं झाली. सहाची झाली, पुढचे दोन दात पडलेत, पण बोलणं काही अडत नाही.) तर फॉर्म भरला प्रणयने. तो कसा आहे तुला माहीत आहे, काहीही लिहायचं झालं तरी मोठ्या माणसाचं नाव आधी. घरात कोण कोण राहतं, तर पहिल्याच ओळीत श्रीमती द्रौपदी, आणि पुढे, ‘पूर्ण वेळ घरी असतात, मैत्रीचं सगळं त्याच बघतात.’ पोराने आदराने लिहिलं रे! शाळेचं उत्तर आलं की जागा कमी आहेत, आणि आजी घरी आहेत हे किती छान, मुलीला त्यांच्याजवळच राहू द्या.

खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. नात दिवसभर माझ्यापाशी! पण शाळा लॅपटॉपमधून चालू. त्यात तीस पोरांची तोंडं, मधे बाई, आणि मी लसूण सोलत कोपऱ्यात. कॅमेऱ्यात मी पण दिसते हे मला चौथ्या दिवशी कळलं, तोवर मी एकदा दात कोरले होते आणि एकदा चक्क झोपले होते. बाई रोज मेल पाठवायची, आज काय वाचायचं, काय लिहायचं. तो वाचणार कोण? आपली मराठी चौथी, आणि इंग्रजी बोलून कसंबसं भागतं, वाचायचं म्हणजे बसचा नंबर. मैत्रीने हे दोन दिवसांत ओळखलं. मेल वाचल्यासारखं करून मला सांगायची, “आजी, आज आहे ना, सुट्टी आहे. राणीचा बर्थडे आहे.” एका आठवड्यात राणीचे तीन वाढदिवस झाले. मी तिन्हींना शिरा केला.

शिऱ्यापर्यंत ठीक होतं. पण एक दिवस बाई स्क्रीनमधून म्हणाली, मैत्री, हे पान आता आजीबरोबर मोठ्याने वाच. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मग बाईकडे पाहिलं, आणि पटकन म्हणाली, “माझ्या आजीचा चष्मा हरवला आहे.” भीमा, चष्मा माझ्या नाकावर होता! तीस पोरं बघत होती. दुसऱ्या दिवशी पण हरवला, तिसऱ्या दिवशी पण. चौथ्या दिवशी बाईने धम्मशीलाला मेल केला की चष्म्याची दुकानं लॉकडाऊनमध्ये पण उघडी असतात, आजींना घेऊन जा. धम्मशीला हसून हसून बेजार. मी पण हसले. पण ती पोर माझ्यासाठी खोटं बोलते आणि स्वतः पुस्तकात मागे पडते, हे मला खुपलं. इथे वाचनाच्या पुस्तकांच्या पायऱ्या रंगांवरून असतात, लाल झालं की पिवळं. लेकाचे सगळे पुढच्या रंगाच्या पुस्तकावर गेले, ही एकटी लालवरच.

ठरवून टाकलं. घरात आजी आहे म्हणून शाळा नाही ना? मग घरात आजी नको!

कुणाला बोलले नाही. इथल्या विहारात रविवारी खीर वाटायची ती मीनाक्षी तुला आठवते का (खीर पातळ करते, पण माणूस चांगलं), ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. तिला म्हटलं, मला पण लाव. तिथे माणसं कमीच पडत होती. तिने फॉर्म भरला, आणि इंटरव्ह्यूत काय बोलायचं ते पाठ करून घेतलं, की मला रुग्णांची सेवा करायची फार इच्छा आहे. समोर घानाची एक धिप्पाड मॅनेजरबाई. तिने विचारलं, तुम्हाला ही नोकरी का हवी? पाठ केलेलं सगळं गेलं उडून. मी म्हटलं, मला घरी राहायचं नाही. ती इतकी हसली की मास्क हनुवटीवर आला. म्हणाली, “मला पण!” आणि घेतलं.

सात ते तीन, चादरी आणि नर्सांचे निळे कपडे. चौसष्टाव्या वर्षी गळ्यात फोटोचं कार्ड! मी झोपताना पण काढत नव्हते, धम्मशीलाने ओरडून काढायला लावलं. (आधी नोकरीवरूनच ओरडली होती, आई तुझं वय काय. मी म्हटलं, तुझ्या वॉर्डाच्या चादरी कोण धुतं ते आता बघ.) मग कार्ड घालून, नोकरीचं पत्र घेऊन शाळेच्या गेटावर गेले. हेडबाई दोन मीटर लांबून म्हणाल्या, मग आता घरी कोण असतं? मी म्हटलं, कुलूप.

परवा सोमवारी मैत्री शाळेत गेली. वर्गात नऊच पोरं. घरी येऊन म्हणाली, “आजी, मी यलो झाला!” म्हणजे पिवळ्या पुस्तकावर गेली. तिला झाला म्हणू दे नाहीतर झाली म्हणू दे, मी शिरा केला. या वेळी राणीला मधे न आणता.

सगळ्यांना जय भीम.

तुझी,
द्रौपदीताई, की वर्कर

ता. क. सांगायचं राहिलं. ज्या सोमवारी मैत्री शाळेत गेली, त्याच दिवशी टीव्हीवर सांगितलं की आठ मार्चपासून सगळ्यांच्याच शाळा उघडणार. म्हणजे एवढ्या खटपटीने पोरीला मिळाले दोन आठवडे. प्रणय म्हणतो, आई, आता सोडा नोकरी. मी म्हटलं, तू फॉर्म भरायचं सोड, मग बघू.

आणखी एक ता. क. यासाठीच खरं पत्र लिहिलं. लाँड्रीतल्या बायकांसाठी एप्रिलपासून दर मंगळवारी इंग्रजी वाचायचा क्लास आहे. मी नाव दिलं. त्यांनी विचारलं, शेवटची शाळा कोणती. कागद नसला तरी चालतो म्हणाले, पण मला चालत नाही. तू गावी जा आणि माझा शाळा सोडल्याचा दाखला शिक्क्यासकट काढून पाठव. त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. गुरुजींनी तिथे ‘सततची गैरहजेरी’ लिहिलं असणार. तेव्हा आई रोज खडी फोडायला जायची आणि तू सहा महिन्यांचा होतास. तिथल्या क्लार्कला म्हणावं ते खोडा आणि खरं कारण लिहा, भीमराव. नाहीच ऐकलं, तर हलू नकोस. तिथेच उभा राहा, पुरावा म्हणून.