एक्केचाळीस टक्क्यांचे पेढे

चि. सौ. पूजास, सांगलीहून तुज्या सासऱ्याचा लय लय आशीर्वाद.

तुजी राजनंदिनी मजेत हाय. सेरेब्रल पाल्सीनं पाय आखडत्यात, पण माज्यावर हुकूम सोडायला तोंड मोकळं हाय.

पोरी, दोन महिन्यांमागं मी फोनवर "राजू पास झाली" म्हणून ओरडलो आन् तू तिकडं पुण्यात आनंदानं रडलीस. चूक माजी. विश्रामबागला तिला व्यायाम शिकवणाऱ्या समीक्षा मॅडमनी एक्सरेवर मोबाईल धरला, ॲपमधी रेघा ओढल्या आन् म्हणाल्या, "मागं सव्वीस टक्के होते, आता एक्केचाळीस." पस्तिसाला पास, एवढंच मला ठावं. पुढचं ऐकायला थांबलोच न्हाई. त्यांचा कागद देव्हाऱ्यात ठिवला आन् गल्लीभर पेढे वाटले.

आज मॅडमनीच फोन करून इचारलं, "सर्जनला दाखवलं का?" तवा कळलं. ते टक्के म्हंजे खुब्याचा गोळा वाटीतनं किती भायेर सरकला, त्याचं माप. तिसाच्या वर गेलं की सर्जनला दाखवायचं. कागदावर त्येच लिवलं हुतं. दोन महिनं माज्यापायी वाया गेलं.

फौजेत रिपोर्ट आदी लिवून मग तोंडी द्यायचो, तसं हे लिवलं. टपालात टाकणार न्हाई. आत्ताच तुला फोन लावतो.

मॅडमचा फोन आला तवा राजू सगळं ऐकत हुती. म्हणाली, "आजोबा, मग मी नापास व्हय?"

म्हटलं, "न्हाई गं, तुजा आजोबा नापास."

तर म्हणती, "मग परत बसा की परीक्षेला."

उद्या सकाळी नऊला दोघं सर्जनच्या दारात बसतोय.

तुजा सासरा,
कृष्णात