कोरड्या तोंडाला लावायचं

५ मार्च, गुरुवार
थेंब स., दु. टाकले. सं. बाकी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी थेंबांच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्या म्हणून ही वही केली. आता बाकीचंही लिहिलं जातं. घरात सांगायला कोण आहे.
काल धुळवडीला दिवसभर दार लावून बसलो. डोळा सांभाळायला पाहिजे. कुणीतरी कडी वाजवली, उघडली नाही. नंतर वाटलं, रंग लावायला नसेल आलं कुणी, पोळी द्यायला आलं असेल.
आज जत्रा कमिटीचे नाना आले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "तात्या, भवानीच्या सोंगाचं काय? तुमी उभं ऱ्हानार का माझ्या पुतन्याला देऊ?" चाळीस वर्षं ते सोंग माझ्याकडे आहे. सांगतो म्हटलं. "पाडव्यापत्तुर सांगा. त्याला दाढी काढाया तयार करायचाय, त्यालाच लई दिवस लागत्यात."

७ मार्च
थेंब तिन्ही वेळा.
सोंग चढवायला काही नाही. सफेदा, कुंकू, काजळ, हिरवं लुगडं. चिंता रंग उतरवायची. डॉक्टर म्हणाले, साबण डोळ्याजवळ नको, चोळायचं तर मुळीच नाही, आणि रंग एक तासाच्या वर ठेवू नका.
आपल्याकडे नियम असा की रंग उतरेपर्यंत सोंगाने बोलायचं नाही, आणि रंग उतरवायचा घरच्या बाईने. माझा बायकोने, हौसाने उतरवला, ती जाईपर्यंत. गेल्या वर्षी ती नव्हती. मी ओसरीवर पाटावर बसलो होतो. सूनबाई, स्नेहल, टॉवेल घेऊन आली. "बाबा, मी काढते. मला सवय आहे, ऑफिसातून आल्यावर रोज काढतेच की." मी म्हणालो, "नको. घरच्या बाईचा हात लागतो."
तिच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. लातूरकडची पोरगी, माझ्या पोराने, दत्ताने, आपल्या मनाने केलेली. तिने टॉवेलची घडी घातली, पाटाजवळ ठेवली आणि चारच्या गाडीने हिंजवडीला गेली.
चाळीस वर्षांत तोंडावर रंग असताना मी पहिल्यांदा बोललो, ते हे.
मग साबणाने आणि काथ्याने स्वतःच खरवडलं. डोळा आठ दिवस लाल. मोतीबिंदू वयाने झाला असं डॉक्टर म्हणतात. मला तसं वाटत नाही.
तेव्हापासून दत्ता एकटाच येतो.

९ मार्च
सं. थेंब अर्धा तास उशिरा. कारण फोन.
दत्ताला विचारलं, बाया तोंडाचा रंग कशाने काढतात. तो म्हणाला, "मला काय म्हाईत. तिलाच इचारा," आणि फोन तिच्या हातात दिला. ठेवून द्यावा वाटलं.
"बोला बाबा."
"तू तोंडाचं कशानं काढतीस?"
"क्लिन्सिंग बामने."
"महाग असतो का?"
"महागाचाही असतो, स्वस्तातलाही असतो. कुणाला हवाय?"
"मला."
ती हसली की खोकली, कळलं नाही. म्हणाली, लिहून पाठवते.
वर्षाने बोललो. बोललो ते बामाबद्दल.

१० मार्च
तिने लिहून पाठवलं. भिंग लावून वाचलं, वहीत उतरवून घेतो, फोन कधी बंद पडेल सांगता येत नाही.
बाम म्हणजे डबीतलं घट्ट तेल. बोटाच्या उबेने वितळतं, रंग सोडवतं. वासाचा घेऊ नका, डोळ्याला झोंबतो. मोठी डबी नको, आधी लहान घ्या. महाग म्हणजे चांगला असं नसतं, मी वापरते तो तीनशेच्या आतला आहे. आधी मनगटाला लावून एक दिवस थांबा. डबीवरची तारीख बघा.
शेवटी लिहिलं आहे, "डोळा कसा आहे?"
उत्तर द्यायचं होतं. मला लिहिलेलं पाठवता येत नाही. दत्ता आला की शिकून घेतलं पाहिजे. आधीच शिकायला हवं होतं.

१३ मार्च
पौडला गेलो. निघताना गॅस बंद केला का म्हणून निम्म्या वाटेतून परत आलो. बंदच होता. गाडी चुकली.
बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. हौसा आत जायची, मी बाहेर पिशव्या धरून. आज पिशवीही माझी आणि आतही मीच. काउंटरवरच्या पोरीला वही दाखवली. तिने तीन डब्या मांडल्या. एक सातशेची, गुलाबाच्या वासाची. एक अडीचशेची, वास नाही. एक एकशेवीसची, तिची तारीख गेल्या महिन्यात संपलेली. पोरगी म्हणाली, "ती नका घेऊ आजोबा, चुकून मांडली." मधली घेतली. आत डबीसारखाच पांढरा इवलासा चमचा, खेळण्यातला असावा तसा.
मनगटाला लावलं आहे. बघू.

१४ मार्च
मनगट ठीक. खाज नाही.
दुपारी एका गालावर सफेदा लावून पाहिला, डोळ्यापासून लांब. तोंड ओलं केलं, बाम लावला. काही नाही. नुसता घसरतो, सफेदा जागचा हलत नाही, सगळा गाल गिलाव्यासारखा. फसवलं. किंवा माझ्या कातडीलाच काही लागत नाही. खोबरेल आणि फडक्याने काढला, गाल हुळहुळतोय.
शेळीने डबीचं झाकण चाटलं. तिला काही झालं तर, ही आणखी एक चिंता.

१६ मार्च
शेळी ठीक.
डबी घेऊन पुन्हा पौड. दुकानात चार बाया होत्या. त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं, पण गाडीची वेळ होत होती. म्हटलं, हा बाम खोटा आहे.
पोरीने विचारलं, "आधी पानी लावलं व्हतं का?"
"मग? तोंड धुवायचं तर पानी नको?"
"कोरड्या तोंडाला लावायचं, आजोबा. कोरड्या हातानं. पानी शेवटाला." तिने स्वतःच्या हातावर लिपस्टिकची रेघ ओढली, वर बाम फिरवला. रेघ विरघळली. मग पाण्याचा थेंब टाकला, तर सगळ्याचं दूध झालं आणि वाहून गेलं. हात स्वच्छ.
एक बाई म्हणाली, "आजोबास्नी नटायचंय वाटतं."
म्हटलं, "नटून झालंय माझं, बाई. उतरवायचं ऱ्हायलंय."
सगळ्या हसल्या. मीही. मग बाहेर आल्यावर लक्षात आलं, माणसांत हसून किती दिवस झाले.

१७ मार्च
कोरड्या गालाला लावून पाहिलं. सफेदा आपोआप सुटला. चोळावं लागलं नाही.
आणि मग आठवलं. रंग उतरवताना मी सवयीने तांब्याकडे हात नेला की हौसा चापट मारायची. "पान्याला हात लावू नगा." मला वाटायचं, देवीचा काही नियम असेल. कधी विचारलं नाही. माझे डोळे मिटलेले असायचे. ती काय लावायची, आधी काय करायची, मला काहीच माहीत नाही. चाळीस वर्षं.
शेजारच्या शेवंतावहिनींना विचारायला गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. "लोनी की. म्हशीचं, बिनमिठाचं. माझ्याकडनंच न्यायची. तुमास्नी ठावं न्हाई? मग एवढी वर्सं लावत कुनाच्या तोंडाला व्हती, भावजी?"
त्यांनी चहा ठेवला. प्यायला थांबायला हवं होतं, पण थेंबांची वेळ झाली होती.

१९ मार्च, पाडवा
दत्ता आला होता, दोन तास. एकटाच. संदेश पाठवायचा कसा ते विचारायचं राहून गेलं.
नानांना सांगितलं, मी उभा राहतो. ते म्हणाले, "आनि उतरवनार कोन?"
"मी बघतो."
"तुमी कसं बघनार? डोळं तर मिटलेलं."
नाना बोलतात वाईट, पण चूक बोलत नाहीत.

२४ मार्च
आज पूर्ण तोंडावर करून पाहिलं, काजळासकट. चूक झाली.
दारात पाटावर बसलो, तांब्या डावीकडे ठेवला, डोळे मिटून बाम फिरवला. पापण्यांवरही अलगद. इथवर नीट. मग पाण्यासाठी हात नेला तर तांब्या पायाने सांडलेला. बोटं तेलकट, तोंड तेलकट, फडकंही सापडेना. डोळा उघडला आणि बाम आत गेला. सगळं धुक्यात. ऑपरेशनचाच डोळा. भिंत धरधरून रांजणापर्यंत गेलो, ओंजळीने पाणी मारलं. धुकं जाईना. वाटलं, गेला डोळा, एका सोंगापायी.
दवाखान्यात फोन केला. कंपाउंडर म्हणाला, दुखत नसेल तर दुपारपर्यंत बघा. बाराच्या सुमारास समोरच्या डोंगराची कड दिसायला लागली. मग शेळी. मग शेळीचे कान.
हे एकट्याचं काम नाही. डोळे मिटलेले असताना दुसऱ्याचा हात लागतो. नियम ज्याने केला, त्याने तेवढ्यासाठीच केला असेल.

२८ मार्च
सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला. चौथ्यांदा लावला. तिलाच लावला, दत्ताला नाही.
आधी डोळ्याचं सांगितलं. बामाचं सांगितलं, कोरड्या तोंडाचं. ती म्हणाली, "अहो, ते मी लिहायलाच विसरले."
मग म्हणालो, "गेल्या साली मी जे बोललो..." पुढचं काही केल्या निघेना. पैसे संपत नाहीत म्हणे आता फोनचे, तरी मला घाई वाटत होती.
म्हणालो, "गुरुवारी पुनवंला जत्रा हाय. सोंग मीच घेतोय. उतरवायला ये."
"घरची बाई लागते ना, बाबा?"
"म्हनूनच तुला सांगतोय."
मागे कुकरची शिट्टी झाली. "गुरुवारी ऑफिस आहे. सुट्टी मिळते का बघते. नक्की सांगत नाही."
ठीक आहे म्हटलं. ठीक आहे काय, ते मला माहीत नाही.

१ एप्रिल
थेंब नियमित.
फोन नाही. आपण करावा तर तगादा वाटेल. दोन पाट धुतले. हौसाचं लुगडं उन्हात घातलं. टॉवेल गेल्या वर्षीचाच, तिने घडी घातलेला. वापरलाच नव्हता.
ती नाही आली तर शेवंतावहिनी आहेत. त्या उतरवतील, गावही काही म्हणणार नाही. मग आपलं गेल्या वर्षीचं बोलणं तेवढं तिच्याकडे राहील.

२ एप्रिल, गुरुवार
रंग तोंडावर आहे. बोलता येत नाही म्हणून लिहितो.
सोंग नीट निघालं. देवळापर्यंत पाय थरथरले नाहीत. बाया पाया पडल्या. नाना शेजारून पुटपुटत होते, "पुतन्या बघतोय, नीट चाला." परत ओसरीवर बारा वाजता.
कोनाड्यातला फोन पाहिला. स्नेहलचे दोन फोन येऊन गेलेले, अकरा दहा आणि अकरा पंधरा. तेव्हा मी देवळात होतो.
येते म्हणायला केला असेल. येत नाही म्हणायलाही केला असेल. मला बोलता येत नाही. शेवंतावहिनी कुंपणापाशी उभ्या आहेत, त्यांना खूण करून फोन लावायला सांगता येईल. सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "भावजी, मी उतरवू का? डोळ्याला तरास व्हईल." मी मान हलवली. नाही.
साडेबाराची गाडी आली. वळणावर चार माणसं उतरली. त्यांत ती नव्हती.
सफेदा वाळून कातडी ओढते आहे. डॉक्टरांनी तास सांगितला होता, तो देवळातच होऊन गेला. दीडची गाडी आहे, ती अर्ध्या तासावर. तिच्यापर्यंत थांबतो. डोळे मिटूनच बसेन, लिहून झालं की.
डबी उन्हात आली होती, आतलं वितळायला लागलं. सावलीत सरकवली. समोर दुसरा पाट, त्यावर टॉवेल. पाण्याचा तांब्या लांब ठेवला आहे, पाय लागणार नाही असा. हात पुसून कोरडे केले.